कैलासचा बिनसाखरेचा चहा

११ नोव्हेंबर, मंगळवार

साखर मोजायची मशीन आज फुकट मिळाली. औषधाच्या दुकानदाराचे शब्द, "काका, मशीन फ्री." आता खरा हिशेब. मशीन फुकट, पण तिच्या पट्ट्यांची डबी साडेनऊशे. डबी आली म्हणून बायकोला, कोकिळेला, रोज सकाळी "किती आली?" असं विचारायचा हक्क मिळाला, आणि तो हक्क आता जन्मभराचा. आकडा जास्त आला की माझ्या ताटातली एक पोळी उठून परत डब्यात जाते. टोचलेल्या बोटाने तार गुंडाळली की बोट चुरचुरते ते वेगळं. आणि डॉक्टर रीता मॅडम "आकडे लिहून ठेवा" म्हणाल्या म्हणून तारवाल्या व्यापाऱ्याने जानेवारीत दिलेली ही चांगली जाड डायरी, जी मी जपून कोरी ठेवली होती, तीही साखरेच्या कामी लागली. इतकी महाग फुकटची वस्तू मी आजवर घेतली नव्हती.

आजचा आकडा १४२. लिहिला. पण एका आकड्यासाठी अख्खं पान सोडून देणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून पुढे लिहितो.

मॅडम ही डायरी तपासणार आहेत, तर ओळख असावी. रूपराव पोहाणे, मूळ रोहण्याचा. नालवाडीला मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडतो, नवी तार भरतो, परत पाण्यावर पाठवतो. गावाहून निघालो तेव्हा जवळ स्क्रू पिळायचा एक पेचकस होता, तोही मामाचा. आज पत्र्याचं मोठं शेड आहे, मालवाहू गाडी आहे, कैलाससारखा कारागीर आहे. मामाचा पेचकस अजून आहे. त्याचं टोक चालू मोटारीवर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेअरिंग गेलं की आत कोणी फुटाणे खाऊन राह्यल्यासारखं ऐकू येते. आंजीपर्यंत लोक म्हणतात, पोहाण्याच्या कानातून काही सुटत नाही.

रीता मॅडम आज म्हणाल्या, "रूपरावजी, जास्त साखरेची भीती सगळ्यांना असते. तुम्ही कमी साखरेला भ्या. इन्सुलिन घेऊन वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस वेगळंच वागायला लागतो."

मी म्हटलं, "मॅडम, अकरा वर्षं झाली सुई टोचून राह्यलो. एकदाही उतरली नाही. ज्याला दुसऱ्याच्या मोटारीचं ऐकू येते, त्याला स्वतःच्या मोटारीचं येणार नाही का?"

मॅडम हसल्या. कोकिळा बाजूला बसली होती, ती हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतो.

दुकानात आल्यावर कैलासने चहा आणला. माझा चहा बिनसाखरेचा असतो आणि त्यात मला कोणी फसवू शकत नाही. साखर टाकलेल्या ग्लासात चमचा फिरवला की तळाशी करकर येते. बिनसाखरेच्या ग्लासात चमचा नुसता वाजतो. मी कैलासला म्हटलं, "माझ्या चहात तू चिमूटभर साखर टाकली न, तर मी रस्त्याच्या पलीकडून ऐकीन."

"मले माहीत आहे न भाऊ," कैलास म्हणाला, "म्हणून तर ग्लासात टाकत नाई."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

१५६. काल कोकिळेच्या माहेरच्यांकडे जेवलो, त्याचा परिणाम.

अपेक्षासाठी आंजी मोठी गावचं स्थळ आलं आहे. मुलगा ऋतिक देवतळे, बुटीबोरीला कंपनीत आहे. वडील अण्णाजी, घरची शेती, गावात मान. पोरापोरीने फोनवर बोलून आधीच पसंती करून टाकली आहे असं माझ्या कानांना वाटते, कारण अपेक्षा गच्चीवर जाऊन बोलते आणि गच्चीच्या पाण्याच्या पाइपातून आवाज सरळ खाली न्हाणीघरात येतो. पोरगी दोन वर्षांत एवढी हसलेली मी ऐकली नव्हती.

म्हणूनच धाकधूक आहे. गेल्या वर्षी देवळीचं स्थळ असंच जमत आलं होतं. मी भोळेपणाने त्यांच्यासमोर सुई काढली, पोटावर टोचली, आणि वर सांगितलं की माझ्या बापालाही शुगर होती. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आम्ही दाखवलीच नव्हती. अपेक्षाने दुसऱ्या दिवशी डबा भरला. पतसंस्थेत कामाला गेली, संध्याकाळी आली, आणि महिनाभर गच्चीवर चढली नाही.

या वेळी घरात ठराव झाला आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होईपर्यंत या घरात कोणाला शुगर नाही. इन्सुलिनची शीशी फ्रिजमध्ये लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. सिरिंजा माझ्या औजारांच्या पेटीत. कोकिळा म्हणाली, "अजी, लपवणं मले पटत नाई."

मी म्हटलं, "लपवून नाई राह्यलो. उशिरा सांगून राह्यलो."

१९ नोव्हेंबर, बुधवार

१३३. शर्टाच्या खिशात पुन्हा संत्रागोळ्या निघाल्या. धुणं वाळत असताना खिशात गोळ्या कशा येतात देव जाणे. आजूबाजूची पोरं टाकत असतील. मी त्या दुकानात आलेल्या एका आजोबांच्या नातवाला देऊन टाकल्या. गोळी हातात असून तोंडात न टाकणं, याला संयम म्हणतात.

दुपारी मोटर पोचवायला पुलगावला जायचं होतं. गाडी मी काढली तर कैलास चावी मागायला लागला. "भाऊ, मले चालवू द्या."

"काऊन? रोज तूच चालवतं."

"हौस आहे मले."

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मालवाहू गाडी चालवायची एवढी हौस मी पाहिली नाही. दिली चावी. मालकाने मन मोठं ठेवावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

१२९. आंजीचे पाहुणे येऊन गेले.

अण्णाजी उंच, धोतर पांढरंशुभ्र, आवाज जुन्या पाच एचपीच्या मोटारीसारखा, संथ पण ओढ असलेला. त्यांच्या पत्नी तानाबाई बोलतात कमी, बघतात जास्त. हातात एवढी मोठी पिशवी की त्यात पाळणा मावेल. बसल्या तेव्हा मांडीवर, उठल्या तेव्हा काखेत. एकदाही खाली ठेवली नाही.

कोकिळेने पेढे पुढे केले. अण्णाजी म्हणाले, "माफ करा, आज माझा उपास आहे."

आज ना एकादशी ना चतुर्थी. मी विचारणार तेवढ्यात त्यांनी चिवड्याची प्लेट उचलली आणि साफ केली. चिवडा चालतो असा उपास मला माहीत नव्हता. आंजीच्या देवाचा असेल.

जेवणाआधी अण्णाजी "हात धुऊन येतो" म्हणून न्हाणीघरात गेले. तानाबाईंनी पिशवीतून काहीतरी काढून त्यांच्या हातात दिलं, रुमालात गुंडाळलेलं. मी सहज पाइपाजवळ उभा होतो. आतून आवाज आला, कट कट कट कट, एकसारखा, बारीक, नेमका. काहीतरी फिरवल्याचा. मी ताबडतोब ओळखलं. चावीचं घड्याळ. मनगटावर दिसलं नाही म्हणजे खिशातलं, वाडवडिलांचं. जेवणाआधी न चुकता चावी देणारा माणूस म्हणजे शिस्तीचा माणूस. अशा घरात पोरगी द्यायला हरकत नाही.

मी स्वतः त्या आधीच औजारांच्या खोलीत जाऊन शीशीतून ओढून टोचून आलो होतो. कोणाला पत्ता नाही.

जेवताना तानाबाई अण्णाजींना म्हणाल्या, "बोला कमी, जेवा."

त्याच वेळी कोकिळा मला म्हणाली, "बोलणं मंग करा, जेवून घ्या."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. बायका सगळ्या सारख्याच.

साक्षगंध चौदा डिसेंबरला ठरलं. आमच्याकडे, नालवाडीला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, दुकानात

११८. सुई टोचली, दोन पोळ्या खाल्ल्या. गहू-हरभरा ओलिताला आला की मोटारी जळतात, त्यामुळे सकाळपासून रांग आहे. मॅडमने अकराच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकायला सांगितलं आहे, पण गिऱ्हाईक मोटर मांडीवर घेऊन रडवेलं बसलं असताना त्याच्यासमोर केळं सोलणं बरं दिसत नाही. आता जरा उसंत मिळाली, म्हणून लिहायला बसलो.

बाहेर ऊन बरं पडलं आहे. ऊन फारच रमणीय पडले आहे. सर्व मोटारी शांतपणे आपापल्या स्थानी विराजमान आहेत. त्यांस कोणी पाणी विचारले की नाही, याची चौकशी करणे हे आमचे आद्य कर्तव्य ठरते. त्यांतील ज्येष्ठ मोटर, साडेसात अश्वशक्ती, यांना मी खुर्ची देऊ केली. त्यांनी विनयपूर्वक नकार दिला. केवढा हा थोरपणा. कैलासजी समोरून येत आहेत. कैलासजी हे अत्यंत सद्गृहस्थ होत. त्यांच्या हस्ते ग्लास आहे. मी म्हणालो, कैलासजी, प्रथम आपण घ्यावा. ते म्हणतात भाऊ प्या लवकर. मी म्हणालो, आपला आग्रह हृदयस्पर्शी आहे. हृदय स्पर्शी आहे. हृदय हृ हृ

चहा घेतला. काय लिहीत होतो ते डोक्यातून गेलं. घामाने शर्ट भिजला आहे, नोव्हेंबरात! पत्र्याचं शेड तापते, पुढच्या वर्षी वर गवत टाकावं लागेल. कैलास समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय पाहून राह्यला?"

"काई नाई. केळं खाता का?"

"कामं नाईत का तुले?"

"आता बरोबर," असं म्हणून उठून गेला. काय बरोबर, ते सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

१२४. कालचं पान आज वाचलं आणि चकित झालो. अक्षर माझं, जरा वाकडं, पण भाषा! "विराजमान." "आद्य कर्तव्य." सातवी पास माणसाच्या हातून हे उतरलं. म्हणजे माझ्यात लेखक आहे, आणि इतकी वर्षं तो तार गुंडाळत बसला होता.

अपेक्षाला पान दाखवलं. तिने दोनदा वाचलं. डोळे भरून आले पोरीचे. बापाचा हा गुण तिला माहीत नव्हता ना. डायरी मिटून स्वयंपाकघरात गेली. माझे कान चालूच असतात.

"आई, बाबा आता लिहून पन राह्यले."

"बाप्पा! कैलासले सांग, उद्यापासून अर्धा तास आधी."

काय अर्धा तास आधी ते नीट लागलं नाही. बहुतेक साक्षगंधाला माझं दोन शब्दांचं भाषण ठेवत असतील. मी तयारी करून ठेवतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

१३८. रीता मॅडमकडे जाऊन आलो. डायरीतले आकडे बघून खूश झाल्या. मग पानं उलटता उलटता सत्तावीस तारखेपाशी थांबल्या. मी अभिमानाने कॉलर नीट केली.

"हे लिहिलंत त्या वेळी साखर मोजली होती?"

"मॅडम, लेखन सुरू होतं."

"दुपारी जेवणाआधी एकदा मोजत जा. खूप वर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची चाहूल लागेनाशी होते. जवळच्यांना कळतं, त्यांना स्वतःला कळत नाही. आणि गाडी चालवण्याआधी तर मोजायचीच."

मॅडम चांगल्या आहेत, पण सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात. बिचाऱ्या किती लोकांचं असं ऐकत असतील, ज्यांना स्वतःचंच ऐकू येत नाही.

दुपारी पट्टी वाया घालवली नाही. आठवडाभरात डबी संपली असती.

१३ डिसेंबर, शनिवार

१४७. दुकानासमोर मांडव पडला. आचारी तानबा काटोलकर, माझ्या ओळखीचा, त्याच्या शेगडीचा पंखा मीच दुरुस्त करतो. पाटवडीचा रस्सा, आलू-वांगे, कढी, मसालेभात, बुंदी. अपेक्षा म्हणाली, "बाबा, बुफे ठेवा न. जो तो आपल्या टाइमाने घेईन."

मी म्हटलं, "व्याह्याच्या हातात प्लेट देऊन लाइनीत उभं करू काय? पंगत बसन."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. पण इथे माझं चालते. पंगत म्हणजे पंगत. पाहुण्यांच्या पानावर सगळं वाढून झालं, मुलीच्या बापाने हात जोडून "बसा" म्हटलं, मानाची माणसं बसली, की मग पहिला घास. मी रोहण्याचा आहे, मला रीत शिकवू नये.

सुईचं नियोजन पक्कं आहे. तानबा "दहा मिनिटांत पान" म्हणाला की मी औजारांच्या खोलीत. टोचायचं, बाहेर यायचं, बसायचं, जेवायचं. कोणाला कळणार नाही. भाषण पाठ झालं आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी १६१. काल काय झालं ते लिहितो. त्यातलं अर्धं मला आठवते, बाकीचं लोकांनी सांगितलं. त्या बाकीच्यासाठी मी पहिल्यांदाच स्वतःच्या कानांवर नाही, दुसऱ्यांच्या तोंडांवर विसंबून आहे.

सगळं छान चाललं होतं. कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, अपेक्षा आणि ऋतिक शेजारी बसून फोटोसाठी हसून राह्यले होते. गच्चीवरचं हसणं पहिल्यांदा समोरून पाहिलं. तानबा कमरेला फडकं बांधून आला, "रूपरावभाऊ, दहा मिनिटांत पान." मी औजारांच्या खोलीत गेलो, टोचलं. बाहेर येताना शेजारच्या गोदामातून कट कट कट ऐकू आलं. अण्णाजी घड्याळाला चावी देऊन राह्यले होते. मला बरं वाटलं. दोघंही वेळेचे पक्के.

पानं वाढली. वाफ येऊन राह्यली. आणि अण्णाजींचे मोठे जावई, गोपालराव, दिसेनात.

रुसले होते. दुपट्टा-टोपी देताना माझ्याकडून त्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या साडूला दिली गेली. गोपालराव जाऊन आपल्या गाडीत बसले, काच वर केली आणि बायकोला निरोप दिला, "मी नाही जेवत." आता जावई जेवत नाही तर सासरा कसा जेवेल, आणि व्याही जेवला नाही तर मुलीचा बाप घास कसा घेईल? शंभर माणूस पानावर हात ठेवून बसलं. कढीवर साय धरली. दोन माणसं समजूत काढायला गेली, परत आली. मग तीन गेली. काच वरच.

ऋतिक म्हणाला, "बाबा, तुम्ही जेवून घ्या न." अण्णाजी म्हणाले, "जावयाआधी? माझ्या हयातीत नाही." मी म्हटलं, "व्याह्याआधी? माझ्याही नाही." लोकांनी माना डोलावल्या. इथपर्यंत मला नीट आठवते.

यानंतरचं अपेक्षाने सांगितलं.

मी म्हणे उठलो, गाडीजवळ गेलो, काचेवर टकटक केली आणि हात जोडून म्हणालो, "आदरणीय जावईमहोदय, आपण या मंगल सोहळ्याचे पेचकस आहात. आपल्याविना हा समारंभ ढिला पडला आहे. कृपया आगमन करून आम्हास उपकृत करावे."

गोपालरावांनी काच खाली केली. त्यांना पेचकस समजलं नाही, पण आयुष्यात कोणी त्यांना महोदय म्हटलं नव्हतं. डोळे पुसत उतरले. मांडवात लोक म्हणाले, वा, व्याही असावा तर असा. तानबाच्या कढईलाही मी नमस्कार केला आणि "आपली प्रकृती कशी आहे" असं विचारलं म्हणे. सगळे हसले. विनोदी माणूस आहे म्हणाले.

फक्त कैलासने ग्लास सोडला आणि पळत सुटला. "वहिनी! भाऊ अहो-जाहो करून राह्यले!"

इकडे अण्णाजी पानासमोर बसल्या बसल्या रडायला लागले होते. आवाज नाही, नुसती धार. शेजारच्याचा हात धरून सांगून राह्यले होते की त्यांच्या वडिलांकडे एक बैल होता, ढवळ्या, तो फार गुणी होता, त्याला कोणी कधी धन्यवाद दिले नाहीत. लोकांना वाटलं, पोराच्या साक्षगंधाने बापाचं मन भरून आलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "अण्णाजी, ढवळ्यांचे आभार मानण्याचा ठराव मी मांडतो." ते म्हणाले, "मी अनुमोदन देतो." आणि त्यांची मान पुढे झुकली, थेट वरणात.

हे मला थोडं आठवते. वरण दिसलं. त्यात अण्णाजींचं कपाळ. माझा हात त्यांना उचलायला निघाला होता आणि तो मधेच कुठेतरी थांबला, जणू तो माझा नव्हताच. कानात आवाज होता, फार जवळचा, एकसारखा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारी ऐकल्या, हा आवाज ओळखीचा वाटला, पण कोणाचा ते लागेना.

मग दोन बाजूंनी दोन बायका आल्या. कोकिळा डावीकडून, हातात साखरपाण्याची बाटली, पदर खोचलेला. तानाबाई उजवीकडून, ती पाळण्याएवढी पिशवी उघडत. कोकिळेने माझं तोंड धरलं आणि बाटली लावली. तानाबाईंनी अण्णाजींची मान उचलली, वरण पुसलं आणि जिभेवर साखर चोळली. शंभर माणसांसमोर. मग दोघींची नजर भिडली.

"तुमचे पन?" तानाबाई म्हणाल्या.

"अकरा वर्षं झाली. तुमचे?"

"नऊ. पेन आहे त्यायचा, कटकट वाजते तो. मायबाई, मी किती भेऊन राह्यली होती, का तुमाले समजन तं पोरगी देनार नाई!"

"अन् मी!" कोकिळा म्हणाली, आणि दोघी आम्हा दोघांची डोकी मांडीवर घेऊन तिथेच हसायला लागल्या. हसता हसता कोकिळेच्या हातून मात्र बाटलीतलं अर्धं पाणी माझ्या नव्या शर्टावर सांडलं. ते थंड लागलं. तेवढं मला पक्कं आठवते.

शुद्ध येता येताच अपेक्षाने मशीन आणली. मी ४४. अण्णाजी ३९.

"पाहा," अण्णाजी पुसट आवाजात म्हणाले, "इथेही मुलाकडचीच बाजू वरचढ."

"तुम्ही खाली अन् तुमचाच तोरा," मी म्हटलं. कोकिळेने कैलासला सांगितलं, "आला ठिकाणावर." मग कोणीही कोणासाठी थांबलं नाही. सगळ्यात आधी आम्ही दोघं जेवलो, जावयासकट सगळे बघत असताना. गोपालरावांनी स्वतःच्या हाताने मला बुंदी वाढली आणि कोकिळेने पहिल्यांदा हटकलं नाही.

लग्न फेब्रुवारीत. जेवण बुफे.

१८ डिसेंबर, गुरुवार

१३१. दुपारी मोजली तर ७८. लगेच केळं खाल्लं, गिऱ्हाइकासमोर, सावकाश सोलून. रीता मॅडमने सकाळचं इन्सुलिन कमी केलं आणि सत्तावीस तारखेच्या पानावर लाल पेनाने एक खूण केली. लेखनाबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत. अण्णाजींचा फोन आला होता, तेही दुपारी मोजतात. आकडे एकमेकांना सांगायचं ठरलं आहे. कालचा त्यांचा चांगला होता, त्यांनी दोनदा सांगितला.

संध्याकाळी दुकान आवरताना कैलासला समोर बसवलं. त्याला बरंच विचारायचं होतं. गाडीची हौस कधीपासून, ते कळलं. त्याला गाडी चालवायचा कंटाळा आहे. खिशातल्या संत्रागोळ्या कोण टाकते, तेही कळलं. इस्त्री अपेक्षा करते.

"अन् हे कधीपासून चालू आहे?"

"दोन वर्षं झाली असतीन, भाऊ. हप्त्यातून दोनदा तरी. तुम्ही शिव्या देऊन राह्यले तवरी आमी बिनधास्त. तुम्ही आमाले 'कैलासजी' म्हटलं, का मी चहाचा गंज गॅसवर चढवत होतो."

"पण चहा तं बिनसाखरेचा होता."

कैलासने मान खाली घातली आणि पेटीतले पेचकस आकाराप्रमाणे लावायला लागला.

"गोडच होता, भाऊ. तीन चमचे."

"खोटं बोलू नोको. चमच्याची करकर मी ऐकली असती."

साखर तो आधीच गरम पाण्यात विरघळवून ठेवत होता.